बोलका कडा

डोंगराला वाचा नसते, असे आपण म्हणतो. परंतु सह्याद्रीच्या रांगांत काही कडे असे आहेत, की त्यांना हाक घातली असता ते तत्काळ ओ देतात. रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे असा एक कडा आहे. त्याच्या समोरील जागा ‘एको पॉइंट’ या नावाने प्रसिद्ध आहे. चला, मुलांनो, आज आपण या बोलक्या कड्याच्या भेटीस जाऊ.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. डोंगराच्या कडेने वळणे घेत नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. मोटारीने आल्यास दस्तुरी नाक्यावर उतरावे लागते. खाजगी मोटारींना त्यापुढे प्रवेश नाही. तेथून तांबड्या मातीची वाट दाट झाडीत शिरते. मोटारींची घरघर नाही, भोंग्यांचा कर्कश आवाज नाही. पायांखाली वाळलेली पाने चुरचुरतात, कोठेतरी एखादे पाखरू शीळ घालते, आणि शहरातील गोंगाटाला सरावलेले आपले कान हळूहळू जागे होतात.

चालता चालता झाडी विरळ होते आणि एकाएकी पुढ्यात खोल दरी दिसते. दरीपलीकडे काळाकभिन्न कडा भिंतीसारखा उभा असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीला भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला. त्याचे थरांवर थर साचले, निवाले आणि त्यांचा कठीण बेसाल्ट खडक झाला. पुढे पावसाने व वाहत्या पाण्याने तो कोरून काढला. सह्याद्रीचे हे उभे कडे अशा रीतीने घडले.

आता कठड्याच्या आत उभे राहून हाक घाला : “सह्याद्री!” क्षणभर शांतता. मग दरीपलीकडून कोणी आपली थट्टा करीत असावे, तसा आवाज येतो : “सह्याद्री!” हाच प्रतिध्वनी. मराठीत त्याला पडसाद असेही म्हणतात. ‘प्रतिशब्द’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतातून तो आपल्याकडे आला आहे.

हा चमत्कार घडतो कसा? चेंडू भिंतीवर आपटून परत येतो, तसा ध्वनी कठीण पृष्ठभागावर आदळून मागे फिरतो. दाट पाने व भुसभुशीत माती ध्वनी शोषून घेतात. उघडा खडक तो परत पाठवितो. हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. कानावर पडलेल्या ध्वनीचा ठसा सुमारे एक दशांश सेकंद टिकतो. तेवढ्या अवधीत ध्वनी ३४ मीटर जातो; म्हणजे जाऊन परत येण्यास खडक निदान १७ मीटर दूर हवा. त्याहून जवळ असल्यास मूळ ध्वनी आणि प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. वर्गात प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही, याचे कारण हेच.

पूर्ण शब्द परत हवा असेल, तर अंतर आणखी लागते. आपण एका सेकंदात साधारण पाच अक्षरे उच्चारतो, असे धरू. ‘सह्याद्री’ या तीन अक्षरांना सेकंदाचे तीन पंचमांश लागतात. तेवढ्यात ध्वनी २०४ मीटर जाऊन येतो. म्हणून कडा सुमारे १०२ मीटर दूर असला, तरच आपले बोलणे संपल्यावर सगळा शब्द ऐकू येतो. कडा जवळ असला, तर पहिली अक्षरे आपल्याच आवाजाखाली बुडतात आणि शेवटचे ‘द्री’ तेवढे कानी पडते!

याच हिशेबाने अंतरही मोजता येते. टाळीचा प्रतिध्वनी एका सेकंदाने आला, तर कडा १७० मीटर दूर आहे, असे समजावे. वटवाघळे अंधारात याच रीतीने वाट काढतात आणि जहाजावरील यंत्रे समुद्राची खोली मोजतात.

परंतु या जागी एक गंमत दिसते, आणि तीत दुःखही आहे. एकाच वेळी दहा जण ओरडू लागले, की कडा जणू मुका होतो. तो उत्तर देतच असतो. पण ते ऐकण्यास कोणी शांत नसतो. माथेरानचा परिसर २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. येथील झाडी राखावयाची, तशीच शांतताही राखावयाची आहे. शांतता गेली, तर कडा जागच्या जागी राहील. त्याचा आवाज मात्र आपल्यापुरता नाहीसा होईल.

म्हणून, मुलांनो, कड्यापाशी गेल्यावर कठडा ओलांडू नका, दरीत काही फेकू नका. रांगेने एकेकाने हाक घाला, आणि इतरांनी कान देऊन ऐका. बोलणे पुष्कळांना येते. बोलून झाल्यावर गप्प राहून ऐकणे थोड्यांना साधते. तेवढे साधले, की दगडही आपल्याशी बोलतो.

स्वाध्याय

१. प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येण्यासाठी खडक निदान किती दूर असावा? का?
२. टाळीचा प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला. कडा किती दूर आहे?
३. ‘कडा जणू मुका होतो’ असे लेखक का म्हणतात?
४. वाक्यांत उपयोग करा : ओ देणे, कान देणे, पडसाद उमटणे.
५. आपल्या गावाजवळ प्रतिध्वनी ऐकू येणारी जागा शोधा आणि तिचे आठ-दहा ओळींत वर्णन करा.