गोळीतील ‘निष्क्रिय’ घटक आणि फुप्फुसांचे आरोग्य

औषधाच्या गोळीत केवळ औषधच असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मूळ औषध पुष्कळदा काही मिलिग्रॅमच असते. गोळीला आकार यावा, ती यंत्राला चिकटू नये आणि पोटात चटकन फुटावी, यासाठी तीत शंखजिरे म्हणजेच टाल्क, स्टार्च, सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज, क्रॉसपोव्हिडोन अशी द्रव्ये मिसळतात. त्यांना निष्क्रिय घटक म्हणतात. तोंडावाटे घेतल्यास ती पचतात किंवा अपाय न करता शरीराबाहेर पडतात.

परंतु ही निरुपद्रविता मार्गावर अवलंबून आहे. व्यसनापायी अशा गोळ्या शिरेत टोचल्या, की न विरघळणारे कण हृदयाच्या उजव्या भागातून थेट फुप्फुसांत जातात. तेथील केशवाहिन्या जेमतेम ७ ते १० मायक्रॉन रुंद असतात; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मोठे कण तेथेच अडकतात, त्यांच्याभोवती दाहजन्य गाठी बनतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. फुप्फुसधमनीतील दाब वाढून अखेरीस हृदयाचा उजवा भाग निकामी होऊ शकतो. धाप, खोकला, थकवा व पायांवरील सूज ही त्याची लक्षणे होत.

अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात पेंटाझोसिन या वेदनाशामक गोळ्या टोचून घेण्याचे व्यसन फैलावले होते. त्यामुळे १९८३ मध्ये तेथे या गोळीत नॅलोक्सोन मिसळण्यात येऊ लागले. तोंडावाटे घेतल्यास त्याचा विशेष परिणाम होत नाही. टोचल्यास मात्र ते नशा चढू देत नाही. तथापि, या उपायाने निष्क्रिय घटकांचा धोका टळत नाही.

क्ष-किरण चित्रात या विकाराचे बारीक ठिपके क्षयरोगासारखे दिसू शकतात. क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या आपल्या देशात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. रुग्णाने संकोचाने पूर्वेतिहास लपविल्यास निदान चुकण्याचा संभव असतो. अडकलेले कण काढून टाकणारे औषध नाही. व्यसन सुटल्यावरही विकार काही रुग्णांत वाढत राहतो. म्हणून वेळीच थांबणे अगत्याचे आहे.

रुग्णाने डॉक्टरांना सारे मोकळेपणाने सांगावे आणि कुटुंबीयांनी दोष न देता त्याला उपचारासाठी न्यावे, हेच हिताचे होय. व्यसनमुक्तीबाबतचे मार्गदर्शन १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य मिळते.