संगणकाचा पडदा : नवा घ्यावा की रिफर्बिश्ड?

जुनी वस्तू घ्यावी की नवी, हा प्रश्न आपल्या घरांना अपरिचित नाही. पाठ्यपुस्तके, सायकल, शिलाईचे यंत्र या वस्तू आपण जुन्या घेत आलो आणि त्यांत कधी कमीपणा मानला नाही. पुस्तक घेताना पाने मोजावीत, सायकल घेताना चाक फिरवून पाहावे, हे वडीलधाऱ्यांनी आपणांस शिकविले. संगणकाच्या मॉनिटरविषयी मात्र अशी शिकवण घरात मिळत नाही. आमच्याकडे पालक येऊन विचारतात, “सर, मुलीच्या अभ्यासासाठी पडदा घ्यायचा आहे. नव्याला जितके पैसे, त्याच्या निम्म्यात रिफर्बिश्ड मिळतो म्हणतात. काय करावे?” जेथे महिन्याचा खर्च मोजूनमापून चालतो, तेथे ही निम्मी रक्कम लहान नसते. शिवाय त्या पडद्यासमोर मुलीला रोज चार-चार तास बसावयाचे असते. म्हणून या प्रश्नाचा थोडा पद्धतशीर विचार येथे मांडीत आहोत.

१. रिफर्बिश्ड म्हणजे काय?

‘वापरलेला’ आणि ‘रिफर्बिश्ड’ हे दोन शब्द बाजारात एकाच अर्थाने वापरले जातात. पण त्यांत भेद आहे. वापरलेला मॉनिटर म्हणजे एकाने काढून दुसऱ्यास दिलेला. रिफर्बिश्ड म्हणजे तो तपासून, बिघडलेला भाग बदलून, स्वच्छ करून पुन्हा विक्रीस ठेवलेला. कोणी खरोखर उघडून दुरुस्त करतो, तर कोणी नुसता पुसून चिठ्ठी लावतो. चिठ्ठीवरून हा फरक कळत नाही. विकणारा लेखी हमी किती दिवसांची देतो, यावरून तो बराचसा कळतो.

हा माल येतो कोठून? मोठ्या कंपन्या आपल्या कचेऱ्यांतील संगणक ठरावीक वर्षांनी एकदम बदलतात आणि जुने घाऊक विकतात. बंगळूरचा एस. पी. रोड आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड या मालाच्या प्रसिद्ध पेठा आहेत. लॅमिंग्टन रोड हे नाव हुबळीकरांना परके नाही. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव मुंबईप्रमाणे हुबळीतील एका रस्त्यालाही मिळाले आहे.

कचेरीतून आलेल्या मॉनिटरचा एक गुण ध्यानात ठेवावा. डेलची पी मालिका, एचपीचे एलिटडिस्प्ले, लेनोवोचे थिंकव्हिजन हे मॉनिटर दिवसभर काम करणाऱ्यांसाठी बनविलेले असतात. त्यांतील बहुतेकांचा पाया भक्कम असतो आणि पडदा वर-खाली करता येतो. मुलाच्या उंचीप्रमाणे पडदा बसविता आला, तर मान अवघडत नाही. स्वस्त नव्या मॉनिटरांत ही सोय बहुधा नसते.

२. त्यात झिजते ते काय?

मॉनिटरच्या काचेमागे दिवे असतात. पूर्वी ते बारीक नळ्यांचे होते. आता एलईडीचे असतात. या दिव्यांचे आयुष्य साधारणतः ३०,००० तास सांगितले जाते. याचा अर्थ तेवढ्या तासांनंतर दिवा विझतो असा नव्हे, तर उजेड मूळच्या निम्म्यावर येतो, असा आहे.

आता साधे गणित करू. कचेरीत मॉनिटर रोज ९ तास आणि वर्षातील २५० दिवस चालला, तर वर्षाचे २,२५० तास झाले. पाच वर्षांचे ११,२५०. शिल्लक राहिले १८,७५०. घरी मूल रोज ४ तास याप्रमाणे वर्षातील ३०० दिवस बसले, तर १,२०० तास होतात. म्हणजे दिव्यापुरते बोलावयाचे, तर पंधरा वर्षांची बेगमी शिल्लक आहे. पण तोच मॉनिटर पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांना जोडून रात्रंदिवस चालू ठेवलेला असेल, तर वर्षाचे ८,७६० तास होतात आणि साडेतीन वर्षांतच तीस हजारांची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून ‘किती वर्षे जुना?’ या प्रश्नाइतकाच ‘कोठे चालत होता?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

दिव्याआधी बहुधा बिघडतो तो वीज पुरविणारा भाग. त्यातील कपॅसिटर, ज्यांना आपले पंखे दुरुस्त करणारे कारागीर कंडेन्सर म्हणतात, ते उष्णतेने आतून वाळत जातात. मॉनिटर उशिरा उजळणे, आपोआप बंद-चालू होणे, बारीक गुणगुण ऐकू येणे ही त्याची लक्षणे होत. हा दोष थंड यंत्रात लपतो आणि तापल्यावर बाहेर येतो. दुकानात दोन मिनिटे पाहून घेतलेला मॉनिटर घरी फसवितो, त्याचे एक कारण हेच.

३. अक्षर कसे उमटते?

पडद्याची लांबी-रुंदी न सांगता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप इंचांत सांगतात. पण अभ्यासासाठी इंचांपेक्षा ठिपके महत्त्वाचे. साडेअठरा इंची पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ ठिपके असले, तर एका इंचात सुमारे ८५ ठिपके बसतात. साडेएकवीस इंचीवर १९२० गुणिले १०८० असले, तर सुमारे १०२. हा फरक इंग्रजी अक्षरांत एक वेळ खपून जाईल. आपल्या मुलांना मात्र देवनागरीतील रफार-मात्रा वाचावयाच्या असतात आणि कन्नडमधील ओळीखाली लटकणारी जोडाक्षरेही. ठिपके कमी पडले की नेमके हेच भाग एकमेकांत मिसळतात आणि मूल पडद्याजवळ सरकते. यास्तव १९२० गुणिले १०८० पेक्षा कमी ठिपक्यांचा मॉनिटर, नवा असो वा जुना, अभ्यासासाठी घेऊ नये.

घरच्या दूरदर्शन संचालाच संगणक जोडावा काय, असेही काहीजण विचारतात. व्याख्यान पाहण्यास तो चालेल. पण १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या बत्तीस इंची संचावर इंचाला जेमतेम ४९ ठिपके पडतात; वाचनासाठी तो उपयोगाचा नाही.

४. दुकानातील अर्धा तास

बाजारातून जाताना पैगंबरसाहेबांनी एका विक्रेत्याच्या धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली; ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी त्याला विचारले, ही हकीकत हदीसच्या ग्रंथांत येते. दोष उघड सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य खरेच. पण घेणाऱ्यानेही राशीत हात घालण्याचा आळस करू नये. मॉनिटरच्या बाबतीत ते असे करावे :

(अ) प्रथम मॉनिटर चालू करून अर्धा तास तसाच ठेवण्यास सांगावे. पुढील तपासणी तो तापल्यावर करावी.

(आ) पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच सपाट रंग पूर्ण पडद्यावर आणावेत. मेलेला ठिपका रंग बदलला तरी बदलत नाही. पांढऱ्यावर पिवळट डाग दिसतात. काळ्यावर कडांतून गळणारा उजेड दिसतो.

(इ) मराठी आणि कन्नड मजकूर बारीक अक्षरांत उघडून दोन हातांवरून वाचावा.

(ई) मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरून मॉनिटरचा उजेड कमी करावा. कॅमेऱ्यात जाड पट्टे सरकताना दिसले, तर दिवा वेगाने लुकलुकतो आहे असे समजावे. काहींचे डोके त्याने दुखते.

(उ) मागील पट्टीवरील निर्मितीचा महिना व वर्ष वाचावे. नळीच्या दिव्यांचा फार जुना मॉनिटर कितीही स्वस्त असला तरी नाकारावा. त्या दिव्यांत पारा असतो.

(ऊ) आपल्या संगणकाला असलेलेच तोंड मॉनिटरला आहे ना, हे पाहावे. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर उत्तम. जुन्या व्हीजीए तारेने अक्षर किंचित पुसट येऊ शकते.

(ए) पावती घ्यावी. तीवर ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द, मॉनिटरचा क्रमांक व हमीची मुदत लिहून घ्यावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही आणि जिल्हा आयोग धारवाडलाच आहे. पण पावतीवाचून आयोगापुढे सांगणार काय?

५. हिशेब

उदाहरणादाखल नव्याची किंमत ७,२०० रुपये आणि रिफर्बिश्डची ३,६०० रुपये धरू. नवा सहा वर्षे टिकला आणि जुना तीन, तर दोहोंचा वर्षाचा खर्च १,२०० रुपये, म्हणजे सारखाच. यावरून नियम निघतो : निम्म्या किमतीचा माल निम्मी वर्षे टिकला तरी तोटा नाही. किंमत निम्म्याहून बरीच वर असेल, तर मात्र नवाच घ्यावा. कारण नव्यावर नामांकित कंपन्या बहुधा तीन वर्षांची हमी देतात.

पण एवढ्यावर हिशेब संपत नाही. मॉनिटर बिघडेल तेव्हा घरात दुसरे काही आहे काय, हा खरा प्रश्न आहे. ज्या घरी लॅपटॉप आहे आणि मोठा पडदा केवळ जोडीला हवा आहे, तेथे बिघाड झाला तरी अभ्यास थांबत नाही. त्यांनी रिफर्बिश्ड खुशाल घ्यावा. ज्या घरी टेबलावरचा एकच संगणक आहे आणि मुलगी बारावीच्या किंवा जेईईच्या वर्षात आहे, तेथे परीक्षेच्या महिन्यात पडदा काळा झाला, तर वाचलेल्या ३,६०० रुपयांनी ते दिवस परत मिळत नाहीत. अशा घराने नवा घ्यावा, किंवा निदान वर्षाची लेखी हमी आणि बदलून देण्याची कबुली असेल तरच जुना घ्यावा.

म्हणजे गरीब घरालाच महाग वस्तू घेणे भाग पडते, कारण त्याच्यापाशी दुसरी वस्तू नसते. ही गोष्ट अन्यायाची आहे. पण तिच्यावर उपाय आहे आणि तो एकट्याच्या नव्हे, संस्थेच्या हाती आहे. दहा घरांनी दहा नवे मॉनिटर घेतले, तर ७२,००० रुपये लागतात. त्याऐवजी ट्रस्टने तपासून तेरा रिफर्बिश्ड घेतले, दहा घरी दिले आणि तीन राखून ठेवले, तर ४६,८०० रुपये पुरतात. तीन मॉनिटर बिघडले तरी एकाही मुलाचा अभ्यास अडत नाही; शिवाय २५,२०० रुपये शिल्लक राहतात, ते शुल्कासाठी किंवा पुस्तकांसाठी येतील. एकट्याला जे धाडस परवडत नाही, ते दहांनी मिळून केले म्हणजे धाडस राहत नाही.

यासाठी ट्रस्टच्या कार्यालयात एक वही, एक कपाट आणि तपासणी जाणणारे दोन तरुण एवढे पुरे आहे. मॉनिटर कोणास दिला, केव्हा दिला, काय बिघडले, याची नोंद राहावी. शिक्षण संपल्यावर तो परत यावा आणि दुसऱ्या घरी जावा. दुरुस्तीपलीकडे गेलेले मॉनिटर भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी त्याची व्यवस्था सांगितली आहे.

ज्यांच्या घरी चांगला मॉनिटर विनावापर पडून आहे, त्यांनी या कपाटाची सुरुवात करून द्यावी, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.