बोलायचं गोड, लिहायचं पक्कं

अगं, घर लागलं का? निम्मी खोकी उघडली असशील, उरलेली निम्मी दिवाळीपर्यंत तशीच राहतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. घर काय, आठवड्याभरात लागतं. वस्तीत रुळायला मात्र वेळ लागतो आणि ते कुणी शिकवतही नाही. आपण दोघी पेठेत वाढलो. पाणी कधी जाणार, रस्ता कुठे खणलाय, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे सगळं जिन्यातच कळायचं. धायरीत तसं होणार नाही. 2017 मध्ये पुणे महापालिकेत आलेलं गाव ते. काही घरं पिढ्यान्‌पिढ्यांची, बाकी सगळे तुझ्यासारखे कालपरवा आलेले आणि प्रत्येकाचं दार बंद. म्हणून म्हटलं, तू कुणाला विचारायच्या आधी आपणच सांगावं.

माझं सांगणं एकच आहे. माणसांशी बोलताना गोड राहा आणि काम मागताना लिहून माग. आपल्या बायकांचं बरेचदा नेमकं उलटं होतं. दारात उभं राहून तावातावाने भांडतो, आणि अर्जावर सही करायची वेळ आली की "ह्यांना विचारून सांगते" म्हणून आत जातो. भांडण सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि अर्ज कुठेच नसतो.

गोड राहायचं म्हणजे पुढेपुढे करायचं नाही. वॉचमनकाकांचं नाव विचार, जिना झाडणाऱ्या बाईंचं विचार, वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्यांचे फोन नंबर घेऊन ठेव. वरच्या-खालच्यांचे का, तर फ्लॅटमधल्या भांडणांचं मूळ बहुतेक वेळा छतात असतं. एक दिवस तुझ्या बाथरूमच्या छताला ओल येईल. वरच्या वहिनींशी आधीची बोलाचाली असली तर त्या प्लंबर घेऊन खाली येतील, नसली तर "आमच्याकडून नाही" म्हणतील. तेव्हा एवढं ठाऊक असू दे की वरच्यांच्या संडास-बाथरूममधून, सिंकमधून गळत असेल तर दुरुस्ती त्यांची, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपत असेल तर सोसायटीची. आदर्श उपविधींत हे स्पष्ट लिहिलेलं असतं. आधी चहाला बोलाव, छत दाखव, फोटो काढ. आठवड्याभरात हललं नाही तर सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र दे आणि आपल्या प्रतीवर पोच घे. पत्र दिलंस म्हणून वहिनींशी बोलणं बंद करायचं नाही.

आता कागदांचं. तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे आधी बघ. पुण्यात दोन्ही प्रकार सर्रास आहेत आणि गेटवरच्या पाटीवरून काही कळत नाही. सोसायटी 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली येते. तिथे एका सभासदाला एक मत, मग फ्लॅट एक खोलीचा असो की चार. अपार्टमेंट 1970 च्या कायद्याखाली येतं. तिथे मताचं वजन तुमच्या हिश्श्याच्या टक्केवारीवर ठरतं. सोसायटी असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि सभासदाला हिशेब, इतिवृत्त, सभासदांची नोंदवही बघता येते, शुल्क भरून प्रतीही मिळतात. कुणी "तुम्हाला कशाला पाहिजे?" असं विचारलं तर हसून "वाचायला" म्हणायचं.

आणि एक, भाग दाखल्यावर तुझं नाव आहे ना? कर्जाचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो, तर नावंही दोन हवीत. नसेल तर जोडून घे. जावईबापूंना वाईट वाटायचं कारण नाही, वाटलं तर मी बोलते. घरपट्टीचंही बघ. स्वतः राहत असाल तर करपात्र रकमेत 40 टक्के सवलत मिळते. मधल्या काळात ती बंद झाली होती, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. पण नव्या फ्लॅटवाल्यांना पीटी-3 अर्ज भरून द्यावा लागतो. तो न भरता वर्षानुवर्षं जास्तीची घरपट्टी भरणारी माणसं मी बघितली आहेत. पुन्हा महापालिकेच्या नावाने खडे फोडणारीही तीच.

सभेला तू जायचंस. "रविवारी सकाळी कुठे वेळ असतो" हे मला सांगू नकोस. सभेत पार्किंगवरून दीड तास आवाज चढतात, ते ऐकून घ्यायचं. आपला मुद्दा मात्र सभेच्या आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घालून घ्यायचा. ऐनवेळी उठून बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही. समितीत बायकांसाठी जागा राखीव असतात. त्या भरायच्या म्हणून कुणाच्या तरी मिसेसचं नाव लिहितात आणि बैठकीला मिस्टर जातात. तुला विचारलं तर हो म्हण आणि बैठकीला स्वतः जा.

पाण्याचं जरा नीट ऐक, तुमच्या बाजूला हीच मोठी गोष्ट आहे. खडकवासला धरण उशाशी आणि दारात टँकर, अशी त्या पट्ट्याची तऱ्हा. हद्द वाढली त्या वेगाने नळ वाढले नाहीत. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या त्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी अशा ठिकाणी जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा सगळ्यांना पाणी आठवलं. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, आणि विहिरी, टाक्या, खासगी टँकर यांची तपासणी सुरू झाली. भीती ओसरली तशी चौकशीही ओसरली. तुम्ही ती ओसरू देऊ नका.

सोसायटीला तीन गोष्टी करायला लाव. खालची आणि वरची टाकी कधी धुतली, त्याची तारीख नोटीस बोर्डावर लिहायची. टँकर आला की वेळ, गाडीचा नंबर आणि पाणी कुठून भरलं हे वॉचमनकाकांच्या वहीत उतरवायचं. आणि क्लोरिन तपासायचं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, ओटी टेस्टचं छोटं किट मिळतं. पाण्यात दोन थेंब टाकले की क्लोरिन असेल तर पिवळा रंग येतो, आणि तो शेजारच्या पट्टीशी ताडून बघायचा. नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असावं, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. पाणी रंगलंच नाही तर उकळून प्यायचं आणि त्याच दिवशी लेखी कळवायचं. हे काम शाळेतल्या पोरांना दे, आळीपाळीने करतील आणि मोठ्यांपेक्षा मन लावून करतील.

आता कचऱ्याचं. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. तू दर महिन्याला देतेस ते शुल्क ही त्यांची मजुरी असते, वरखर्चाला दिलेली बक्षिशी नव्हे. मॉलमध्ये किंमत न विचारता घेतो आणि इथे दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, ते तू करू नकोस. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवायचा, हे 2016 च्या नियमांपासूनचं तुला माहीत आहे. पण पॅड आणि डायपर ओल्यातही टाकायचे नाहीत आणि सुक्यातही नाहीत. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. 'स्वच्छ'च्या बायकांनी हे सुचवलं, कारण पुडी उघडून आत काय आहे ते बघायची पाळी त्यांच्यावर येत होती. घरात लाल स्केचपेन बाथरूमच्या फळीवरच ठेव, म्हणजे विसरायला नको. फुटलेली काचही वेगळी बांध, वर "काच" असं लिही. आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी विचार. तुमच्याकडे लिफ्टवर "कामवाल्यांसाठी दुसरी लिफ्ट" अशी पाटी असेल, तर सभेत पहिला लेखी मुद्दा तोच दे.

आता सण. तुमच्या चौकात मंडळ असणारच. वर्गणी मागायला पोरं आली की दार लावून घेऊ नकोस. आत बोलाव, पाणी दे, जमेल तेवढी रक्कम दे आणि पावती घे. सार्वजनिक वर्गणी गोळा करायला मंडळाला धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते, म्हणून "परवानगी काढलीत ना रे?" असं प्रेमाने विचारायलाही हरकत नाही. आकडा तुझ्या मर्जीचा. जबरदस्ती झाली तर गप्प बसायचं नाही. पण हीच पोरं पुढे उपयोगी पडतात, हे विसरू नकोस. 2019 च्या सप्टेंबरमध्ये आंबील ओढ्याला पूर आला, 2024 च्या जुलैमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत नदीचं पाणी शिरलं. अशा वेळी अग्निशमनची गाडी पोचायच्या आधी गुडघाभर पाण्यात उतरून म्हाताऱ्यांना बाहेर काढणारी पोरं वस्तीतलीच असतात.

स्पीकरचा त्रास झाला तर आधी मंडळाच्या अध्यक्षांशी दिवसा बोल, रात्री भांडायला जाऊ नकोस. नियम 2000 सालचा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. राहत्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री बारापर्यंत मुभा द्यायचा अधिकार सरकारला आहे, आणि सणांत ती मिळते, म्हणून आजचा दिवस त्यात आहे का हे आधी बघ. नसेल आणि बोलून ऐकत नसतील तर 112 वर फोन कर. नाव उघड होईल म्हणून घाबरू नकोस. मुंबईतल्या नेहरूनगरच्या रहिवाशांनी केलेल्या याचिकेवर 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं आहे की तक्रारदाराची ओळख आरोपीला कळू द्यायची नाही. आवाजाचा नियम भोंग्याला आणि डीजेला सारखाच आहे, लग्नाच्या वरातीलाही. आपल्या घरच्या बारशाला तो लागू होत नाही, असं मात्र समजू नकोस.

राहिला रस्ता. खड्डा, बंद दिवा, तुंबलेलं गटार यांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला की काम झालं असं लोकांना वाटतं. तिथे अंगठे येतात, खडी येत नाही. तक्रार महापालिकेकडे नोंदव आणि तक्रार क्रमांक ग्रुपवर टाक. बाकीच्या दहाजणींनीही आपापली तक्रार नोंदवायची. क्षेत्रीय कार्यालयात एकदा चक्कर मार, कुठला अभियंता कुठलं काम बघतो ते विचारून घे. नगरसेवकांची ओळख असावी, पण सगळी भिस्त त्यांच्यावर नको. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात ज्यांच्याकडे अर्जाची पोच होती, त्यांना निदान विचारायला जागा होती. अर्ज नुसता पडून राहिला तर माहितीचा अधिकार आहे. 10 रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, आपल्या राज्यात 150 शब्दांची मर्यादा, आणि 30 दिवसांत उत्तर. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?" एवढं विचारलं तरी फाइल टेबलावर येते.

तक्रारीबरोबर मागणीही करायची. पुण्यात 2006-07 पासून महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. पदपथ, दिवे, बाक, बसथांबा अशी छोटी कामं त्यात सुचवता येतात. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी दिवा नाही म्हणालीस ना? त्याचा अर्ज करायचा. पावसाळ्याच्या अखेरीला या अर्जाच्या तारखेवर लक्ष ठेव, दरवर्षी ती कळायच्या आत निघून जाते.

हे सगळं एकदम अंगावर घेऊ नकोस हं. तुझी नोकरी आहे, पोरगी लहान आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत. सगळ्या वस्तीचा भार उचलणारी बाई वर्षभरात थकते आणि मग कुणालाच विचारेनाशी होते. एक काम धर. मला विचारशील तर पाण्याचं धर, कारण ते सगळ्यांच्या पोटात जातं आणि त्यावर दुमत होत नाही. सोबतीला दोघीजणी घे, त्यातली एक तरी मूळ धायरीची असू दे. जुनी विहीर कुठे बुजवली आणि ओढा कुठून वळवला हे तिच्या घरातच कळेल.

येत्या सभेची नोटीस लागली असेल, खाली जाऊन तारीख बघ. टाकी धुण्याचा आणि क्लोरिन तपासण्याचा मुद्दा आजच लिहून सेक्रेटरींना दे, आणि पोच घेतल्याशिवाय वर येऊ नकोस.