आगटीतला बटाटा

पौष महिना लागला, की साताऱ्याच्या माण-खटावात आणि सांगलीच्या जत-कवठेमहांकाळ भागात शाळूची कणसे दाण्यांनी भरू लागतात. मग नातलगांना, स्नेह्यांना निरोप जातो, "हुरडा खायला या." रानात जमिनीत एक उथळ खळगा करून त्यात गोवऱ्या पेटवतात. ही आगटी. जाळ बसला, निखाऱ्यांवर राखेचा पापुद्रा आला, की कणसे त्यात खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची आणि गरम दाणे पाहुण्यांपुढे करायचे. मधोमध शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे. यजमानाने फक्त आगटी सांभाळायची.

दुपार कलली आणि हुरडा संपला, तरी आगटी तापलेलीच असते. त्या राखेत बटाटे आणि रताळी पुरण्याची पद्धत जुनी आहे. युरोप-अमेरिकेत अख्खा भाजलेला बटाटा चिरून, त्यावर लोणी, दही, चीज असे हवे ते ज्याचे त्याने घालून खाण्याची पंगत मांडतात. आपल्याकडे तशी पंगत आगटीभोवती आयतीच बसते. मात्र हुरडा भाजायला काही मिनिटे पुरतात आणि बटाट्याला पुरत नाहीत. येथेच यजमानाची परीक्षा सुरू होते.

काही वर्षांपूर्वी खटाव तालुक्यातील एका वस्तीवर आम्ही अशी पंगत मांडली होती. पाहुणे वीस-बावीस. लिंबाएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत सारे बटाटे एकदमच आगटीत टाकले. अर्ध्या तासाने लहान बटाटे शिजले, मोठे कच्चेच. तेवढ्यात गप्पांच्या नादात आगटी निवत गेली, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. मग घाईने नव्या गोवऱ्या घालून मोठा जाळ केला. साल कोळसा झाली आणि आत सुपारीएवढा गाभा करकर वाजत राहिला. पाहुणे भिडस्त, काही बोलले नाहीत. मुले मात्र सरळ भाकरी मागू लागली. दुसऱ्या दिवशी त्या उरलेल्या गाभ्यांच्या फोडी आमटीत टाकून चांगल्या तासभर उकळल्या, तरी त्या नरम पडल्या नाहीत! हा शेवटचा प्रकार मला कित्येक दिवस उलगडला नव्हता. विद्यार्थी मित्रहो, तो उलगडण्यासाठी आधी बटाट्याच्या आत डोकावू या.

बटाट्याचा सुमारे चारपंचमांश भाग पाणी असतो. उरलेल्यात मुख्यतः पिष्ट म्हणजे स्टार्च. हे पिष्ट सूक्ष्म कणांच्या रूपात बटाट्याच्या पेशींमध्ये भरलेले असते, आणि पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटवलेल्या असतात, जणू विटांमधला चुना. बटाटा शिजणे म्हणजे दोन गोष्टी घडणे. तापमान ६० ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान पोचले, की पिष्टाचे कण पेशीतलेच पाणी शोषून टरारून फुगतात. त्याहून पुढे, ८५ अंशांच्या आसपास आणि वर, पेशींमधला पेक्टिनचा चुना विरघळू लागतो आणि पेशी सुट्या होतात. म्हणून बटाट्याचा अगदी मध्य ९५ अंशांच्या जवळपास गेला, तरच तो मऊ लागतो. पिष्ट फुगले पण चुना सुटला नाही, तर बटाटा शिजल्यासारखा दिसतो, पण दाताखाली कचकचतो.

आता उष्णता त्या मध्यापर्यंत जाते कशी? बटाट्यात पाणी पुष्कळ असले तरी ते पेशींमध्ये कोंडलेले. भांड्यातल्या पाण्यासारखे वरखाली फिरून ते उष्णता पोचवू शकत नाही. उष्णतेला थराथरातून वहनानेच पुढे सरकावे लागते, आणि बटाटा हा उष्णतेचा मंद वाहक. लोखंड त्याच्या शंभरपटींहून अधिक चांगला वाहक आहे.

येथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बटाट्याची जाडी दुप्पट झाली, तर शिजायला लागणारा वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. का? अंतर दुप्पट झाले, की पृष्ठभाग आणि मध्य यांच्यातील तापमानाचा उतार निम्मा होतो, म्हणून उष्णता निम्म्या वेगाने आत येते. शिवाय तापवायचा थरही दुप्पट. दोनदा दोन, चार. म्हणजे वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बटाटा गोल मानून हिशेब केला, तर उकळत्या पाण्यात ५ सेंटिमीटर व्यासाच्या बटाट्याचा मध्य ९५ अंशांना पोचायला सुमारे २५ मिनिटे लागतात. ७ सेंटिमीटर व्यासाला सुमारे ४९ मिनिटे! हा प्रयोग घरी सहज होईल. दोन बटाट्यांचा व्यास मोजा, एकाच पातेल्यात एकाच वेळी उकळत्या पाण्यात सोडा, आणि दर पाच मिनिटांनी बारीक सुई मध्यापर्यंत टोचून कोणता कधी नरम होतो ते लिहून ठेवा. वारंवार टोचल्याने बटाटा थोडा बिघडेल, वहीतली नोंद मात्र कामाची ठरेल.

आगटीत वेळ याहून जास्त धरावा, दीडपट ते दुप्पट. राख सर्व बाजूंनी सारखी लागत नाही, आणि ती स्वतःच उष्णतेची दुर्वाहक आहे. पण तेच तिचे काम. निखाऱ्यांचे तापमान कित्येकशे अंश असते. मधली राख ती धग मवाळ करून बटाट्याला देते.

मग जाळ मोठा केला तर बटाटा लवकर का शिजत नाही? बटाट्यात जोवर पाणी आहे, तोवर त्या ओल्या भागाचे तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही. वरून आलेली जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. वाफ निघून गेलेला बाहेरचा थर कोरडा पडतो. तो मात्र १४० अंशांपुढे जाऊन आधी तांबूस, खमंग होतो आणि पुढे कोळसा होतो. आतल्या गराच्या दृष्टीने पाहिले, तर त्याच्या कडेला मंद राखेतही जवळजवळ १०० अंश आणि प्रचंड जाळातही १०० अंशच! म्हणजे आमच्या त्या मोठ्या जाळाने आतल्या भागाला काहीच जास्त मिळाले नाही, फक्त सालीचा कोळसा जाड झाला. उष्णता लवकर आत न्यायची तर बटाटा लहान घ्यावा, किंवा त्यातून एक जाड, स्वच्छ घासलेली लोखंडी सळई आरपार घालावी. सळईला जस्ताचा मुलामा नसावा.

आता त्या निबर गाभ्याचे कोडे. बटाट्यात पेक्टिनवर काम करणारे एक विकर असते. विकरे म्हणजे सजीवांमधील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. हे विकर ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान चांगलेच चळवळे होते आणि पेक्टिनच्या रेणूंत असा बदल करते, की बटाट्यातले कॅल्शियम त्या रेणूंना एकमेकांशी घट्ट बांधू शकते. चुन्याचे जणू सिमेंट होते. त्याहून जास्त तापमानात विकर नष्ट होते, पण झालेले सिमेंट कायम राहते. नंतर तासभर उकळले तरी ते सुटता सुटत नाही. बटाटा सरळ तापत गेला, तर हा टापू तो लवकर ओलांडतो. आमचे मोठे बटाटे मात्र आगटी निवत असताना अर्धा-पाऊण तास नेमके याच कोमट टापूत पडून होते. म्हणजे चूक पहिल्या कमी धगीची नव्हती आणि शेवटच्या मोठ्या जाळाचीही नव्हती. मधल्या गप्पांची होती. एकदा लावलेला बटाटा मध्येच कोमट ठेवू नये, हे त्यावरून कळते. (उलट, काचऱ्या भाजीत विरघळू नयेत असे वाटत असेल, तर हाच गुण उपयोगी पडतो.)

त्याच आगटीत, त्याच राखेत रताळ्याचे काय होते ते पाहणे मोठे मौजेचे आहे. रताळ्यातही एक विकर असते, पण त्याचे काम निराळे. पिष्टाचे कण फुगले, की ते पिष्टाच्या लांब साखळ्यांचे तुकडे करून माल्टोज नावाची साखर बनवते. सुमारे ७५ अंशांच्या पुढे तेही निकामी होऊ लागते. म्हणून पिष्ट फुगल्यापासून विकर मरेपर्यंतचा काळ जितका लांबेल, तितके रताळे गोड होते. राखेत सावकाश भाजलेल्या रताळ्यातून मधासारखा चिकट पाक का सुटतो, आणि त्याच वाणाच्या पातळ चकत्या झटपट वाफवल्या तर त्या कमी गोड का लागतात, ते आता ध्यानात येईल. तेव्हा रताळी आगटीच्या कडेला मंद राखेत आधी पुरावीत, बटाटे मागाहून मध्यभागी.

या दोघांचे नाते तसे जवळचे नाही. रताळे हे मूळ आहे, बटाटा हे जमिनीखालचे खोड. त्यावरचे डोळे म्हणजे खोडावरच्या कळ्याच. रताळे गारवेलीच्या कुळातले, तर बटाटा वांग्याच्या. पण नावाची गंमत अशी, की 'बटाटा' हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आणि तो त्यांनी वापरला होता रताळ्यासाठी!

बटाटे कोणते घ्यावेत? खटाव-कोरेगाव भागात पावसाळी बटाटा होतो. महाराष्ट्राच्या पठारासाठी १९७२ साली 'कुफ्री लवकर' नावाचा वाण प्रसारित झाला. कुफ्री हे सिमल्याजवळचे गाव, आणि 'लवकर' हा आपलाच मराठी शब्द, कारण तो वाण लवकर तयार होतो. बाजारात मात्र वाणाचे नाव कुणी सांगत नाही. तेव्हा मिठाच्या पाण्याची परीक्षा करावी. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि बटाटे सोडा. पिष्ट पाण्यापेक्षा जड असते, म्हणून पिष्ट भरपूर असलेला बटाटा बुडतो आणि कमी पिष्टाचा तरंगतो. बुडालेले भाजायला घ्यावेत, त्यांचा गर भुसभुशीत होतो आणि लोणी-चटणी चांगली शोषतो. तरंगणारे रस्सा भाजीला ठेवावेत.

हिरवट झालेले बटाटे मात्र कशालाच ठेवू नयेत. उजेडात बटाट्यात हरितद्रव्य तयार होते. ते स्वतः निरुपद्रवी आहे, पण त्याच उजेडाने सोलानिनसारखी विषारी द्रव्येही वाढतात आणि ती भाजल्याने नाहीशी होत नाहीत. लंडनमधील एका शाळेत असे जुने बटाटे खाऊन ७८ मुले आजारी पडली होती. त्या घटनेचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. सुदैवाने सर्व मुले बरी झाली.

हल्ली बटाटे ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून भाजण्याची पद्धत आली आहे. राख लागत नाही, हे खरे. पण मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. बटाट्याच्या सालीवर ते येतात आणि भाजताना १०० अंशांतही मरत नाहीत. कागदाच्या आत ओलावा असतो, हवा नसते, आणि बटाटा आंबटही नसतो. असा गुंडाळलेला बटाटा निवून तसाच बाहेर राहिला, तर हे जिवाणू वाढून अत्यंत जहाल विष तयार करू शकतात. १९९४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात एल पासो येथे एका उपाहारगृहात कागदात भाजलेले बटाटे काही दिवस साध्या तापमानाला ठेवून मग चटणीसारख्या पदार्थात वापरले गेले. ३० जणांना विषबाधा झाली. तेव्हा कागद वापरलाच, तर बटाटा आगटीतून काढताच उलगडावा, गरमच खावा, आणि उरलेला उघडा करून शीतकपाटात ठेवावा. मला विचाराल तर राखेतलाच बरा. साल तर काढायचीच असते.

राहिल्या वाट्या. लोणी, दही, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, चिरलेला कांदा, कोथिंबीर, आणि तासगावकडचे पाहुणे असतील तर बेदाणे. आठ वाट्या झाल्या. प्रत्येक वाटीतले घ्यायचे किंवा नाही, असे दोनच पर्याय, म्हणून एकंदर प्रकार २ चा आठवा घात, म्हणजे २५६. वीस पाहुण्यांना वीस निराळे बटाटे सहज मिळतात. बटाट्यात प्रथिने थोडीच असतात, स्निग्धांश तर जवळजवळ नसतोच. शेंगदाणे, दही आणि लोणी ही उणीव भरून काढतात. हा हिशेब कुणी शिकवल्याशिवाय आपल्या पंगतींनी केलेला दिसतो.

वेळेचे गणित उलट्या बाजूने मांडावे. सात वाजता पंगत बसायची, बटाटे ६ सेंटिमीटर व्यासाचे. वर्गाच्या नियमाने उकळत्या पाण्यात ३६ मिनिटे, आगटीत एक तास ते सव्वा तास. साधारण पावणेसहाला पुरावेत. सारे एका मापाचे निवडावेत, मोठे निघाले तर आधी लावावेत. प्रत्येकाला काट्याने दोन-तीन ठिकाणी टोचे मारावेत, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेने एखादा फुटतो. एकाने गप्पा सोडून आगटीपाशी बसावे. बाहेर काढल्यावर लगेच मधोमध चीर देऊन दोन्ही बाजूंनी दाबावे, म्हणजे वाफ निघून जाते आणि गर भुसभुशीत राहतो. चीर द्यायला उशीर झाला, तर तीच वाफ आत पाणी होऊन गर चिकट करते.