‘आणि’ व ‘किंवा’

वर्धा नदीकाठच्या बल्लारपूर नगरात कागदाचा मोठा कारखाना आहे. तेलंगणाकडे जाणाऱ्या आगगाड्या येथूनच पुढे जातात. स्थानकाचे नाव मात्र बल्लारशाह. अशा वाहत्या गावाला साथीच्या रोगापासून दूर राहणे कठीण. आणि जेथे पुष्कळांची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तेथे फार दिवस दारे लावून बसणेही तितकेच कठीण.

सन २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेने महाराष्ट्राला वेढले. १४ एप्रिलच्या रात्रीपासून कडक निर्बंध लागू झाले. मे महिना सरता सरता रुग्ण घटू लागले, तेव्हा शासनापुढे पेच उभा राहिला. घाईने बंधने सैल करावीत, तर रुग्णालये पुन्हा भरतील. विलंब करावा, तर मजुराच्या घरचा धान्याचा डबा रिकामा होईल.

७ जूनपासून पाच स्तरांची योजना अमलात आली. तपासलेल्या शंभर माणसांत बाधित किती आणि प्राणवायूची सोय असलेल्या शंभर खाटांपैकी भरलेल्या किती, हे दर गुरुवारी पाहावयाचे व त्यावरून जिल्ह्याचा स्तर ठरवावयाचा. दोन आकडे कशाला? लागण झालेल्या माणसाची प्रकृती बहुधा काही दिवसांनी बिघडते. म्हणून खाटा मागील दिवसांची हकीकत सांगतात, तर तपासणी पुढील संकटाची चाहूल देते.

या आदेशातील दोन उभयान्वयी अव्यये लक्षपूर्वक वाचावीत. पहिल्या, म्हणजे सर्वांत मोकळ्या स्तरासाठी बाधित शेकडा ५ हून कमी ‘आणि’ भरलेल्या खाटा शेकडा २५ हून कमी असाव्या लागत. पाचव्या, सर्वांत कडक स्तरासाठी मात्र बाधित शेकडा २० हून अधिक ‘किंवा’ भरलेल्या खाटा शेकडा ७५ हून अधिक, एवढे पुरे होते. दार उघडावयास दोन किल्ल्या हव्यात. लावावयास एकच पुरे!

चंद्रपूर जिल्हा आरंभी पहिल्या स्तरात होता. परंतु विषाणूचे नवे रूप आढळल्यामुळे २५ जूनला निराळा आदेश निघाला: आकडे कितीही चांगले असोत, तिसऱ्या स्तराहून अधिक मोकळीक कोणत्याही जिल्ह्यास नाही. दुकाने पुन्हा दुपारी चारला मिटू लागली. आपल्याकडे रोग कमी असता आपल्याला ही शिक्षा का, असे एखाद्या दुकानदाराने विचारले असते, तर त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. तथापि ज्या गावातून आगगाड्या जातात, त्या गावाचा आकडा एकट्या त्या गावाचा राहत नाही.

ऑगस्टच्या आरंभी चंद्रपुरासह बहुतेक जिल्ह्यांतील दुकानांना रात्री आठपर्यंत मुभा मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेबरोबर काही बंधने परतली. अखेर १ एप्रिल २०२२ रोजी ती सर्व उठली आणि मुखपट्टीही ऐच्छिक झाली.