झाडलेले घर रिकामे ठेवू नका

शास्त्रभाग : मत्तय १२:४३-४५



अशुद्ध आत्मा घर सोडून जातो, परत येऊन पाहतो तर घर झाडलेले पण रिकामे. मग तो आणखी सात जणांना घेऊन येतो. प्रभू येशूने सांगितलेली ही गोष्ट सातपुड्यातील पाड्यांवर काम करताना मला वारंवार आठवते. दारूचे व्यसन हा आजार आहे. व्यसनी माणसाला भूत लागले आहे असे मी म्हणत नाही. मला बोलायचे आहे ते त्या रिकाम्या घराविषयी. दारू सोडणारे पुष्कळ भेटतात, पण सोडलेली टिकवणारे थोडे.

१. दवाखाना टाळू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. कधी जिवावरही बेतते. म्हणून प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही न्या.

२. धोक्याचे दिवस आधी ओळखा. होळीला मजूर गुजरातेतून आणि ऊसतोडीवरून गावी परततात. हातात एकरकमी पैसा असतो. त्याच सुमारास मोहाची फुले गळू लागतात, पाठोपाठ लग्ने येतात. पाहुण्याला दारू देणे हा मान, ती नाकारणे हा अपमान. अशा वेळी ऐनवेळचा निर्धार पुरत नाही. पैसे कोणाकडे ठेवायचे, लग्नाला कोणासोबत जायचे, पेला पुढे आला तर काय म्हणायचे, हे घरी बसून आधीच ठरवावे.

३. तलफ ओळखा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांत ती जास्त सतावते. ती लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा : पोटभर जेवावे, पाणी प्यावे, सोबत्याच्या घरी जाऊन बसावे.

४. संध्याकाळ भरा. एक भाऊ मला म्हणाला, "दारू सोडली, पण दिवस मावळल्यावर करायचं काय तेच कळेना." रिकामे घर ते हेच. आता तो शेळ्या बांधून झाल्या की मुलांना अभ्यासाला बसवतो आणि भजनाला ढोल वाजवतो.

५. घसरलेल्याला एकटे सोडू नका. हाच भाऊ पहिल्या होळीला घसरला होता. "आता सगळं गेलंच," या विचाराने तो पीत राहिला. लाजेने चार रविवार उपासनेला आला नाही. बायको माहेरी जायला निघाली होती. तेव्हा मंडळीतील दोघे त्याच्या घरी गेले. उपदेश केला नाही. त्याच्यासोबत भाकर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेले. आज त्याला दारू सोडून दोन वर्षे झाली. एक घोट म्हणजे सगळा शेवट नव्हे. त्याच दिवशी परत फिरता येते. पेत्राने तीनदा नाकारले, तरी प्रभूने मेंढरे त्याच्याच हाती सोपवली.

म्हणून दारू सोडल्याची साक्ष ऐकून टाळ्या वाजवल्या की आपले काम संपत नाही. खरे काम त्यानंतरच्या संध्याकाळी सुरू होते.

मनन व चर्चेसाठी :
- आपल्या मंडळीत दारू सोडलेल्या व्यक्तीची संध्याकाळ कोणासोबत जाते?
- चार रविवार न दिसलेल्याकडे कोण जाईल?
- आपल्या घरच्या लग्नात त्याला अवघड वाटेल असे काही होते का?

व्यसनमुक्तीसाठी शासनाचा निःशुल्क मदत क्रमांक १४४४६ आहे. तो मंडळीच्या फलकावर लावावा. येत्या होळीला घरी परतणाऱ्या भावांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी प्रार्थना करावी, ही विनंती.