कोटेशन घरच्या जीमेलवरून जातंय?

मंडळी, धंद्याच्या ईमेलवरची चौकशी फॉरवर्ड होऊन जीमेलमध्ये येते आणि कोटेशन जातं घरच्या पत्त्यावरून. ग्राहक बिचकणारच ना? पैसे नक्की कुणाला पाठवायचे!

कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट' उघडा. 'सेंड मेल अ‍ॅज'मध्ये धंद्याचा पत्ता जोडा. एसएमटीपी सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्याकडून घ्या. पोर्ट ५८७ असेल तर टीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल. पासवर्ड मात्र धंद्याच्या मेलबॉक्सचा टाका, जीमेलचा नाही. इथेच बरेच जण अडकतात. मग धंद्याच्या पत्त्यावर आलेला कोड भरा.

झालं? नाही. खरी गोम पुढे आहे. एवढं करूनही उत्तरं डिफॉल्ट पत्त्यावरूनच जातात. त्याच पानावर 'रिप्लाय फ्रॉम द सेम अ‍ॅड्रेस' निवडा. नवा मेल लिहिताना 'फ्रॉम' स्वतः तपासायचं.